हवामानाचं नक्की काय ते कळू दे मग बघू, असं म्हणणाऱ्यांनी पेरणीआधी हे वाचा

पेरणी तोंडावर आलीय आणि तीच चर्चा परत सुरू झालीय. एक जण म्हणतो हवामान पार बदललंय, सगळी पद्धतच बदला. दुसरा म्हणतो शास्त्रज्ञांचे अंदाज चुकतात, पाऊस आजोबांच्या काळातही दगा द्यायचाच, कशाला उगाच खर्चात पडायचं. मला दुसऱ्याचं म्हणणं मूर्खपणाचं वाटत नाही, कारण पैसा त्याचा जाणार असतो. पण त्यात एक मोठी गल्लत आहे, मोजून ठरलेलं आणि अजून अनिश्चित असलेलं तो एकातच घालतो.

काही गोष्टी मोजलेल्या आहेत. हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतायत, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो साधारण ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. हा वायू उष्णता धरून ठेवतो हे शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ मध्येच प्रयोग करून पाहिलं होतं. आणि हवा १ अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून पडला की धो धो पडतो आणि उघडीप दिली की तीच तापलेली हवा रानातली ओल भराभर ओढून घेते.

मग अनिश्चित काय आहे, तर किती आणि कधी. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल यावर १९७९ च्या एका गाजलेल्या अहवालात १.५ ते ४.५ अंश असं उत्तर होतं, २०२१ च्या आयपीसीसी (संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची शास्त्रज्ञांची समिती) अहवालात ते २.५ ते ४ अंश झालं. एवढ्या वर्षांत वाद तापमान किती वाढणार यावरच चाललाय, वाढणारच नाही असं त्या आकड्यांत कुठेच नाही, उलट खालचं टोक वर सरकलंय. आणि तुमच्या रानावर यंदा पावसाचा खंड कोणत्या आठवड्यात पडेल हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, पुढेही सांगता येणार नाही.

आता मला सांगा, बियाण्याची पिशवी फोडताना आपल्याला कुणी हमी देतं का? तरी पेरतोच ना. नक्की कळेपर्यंत थांबतो म्हणणारा थांबत नसतो, जुन्याच पद्धतीवर सगळी बाजी लावत असतो, फक्त त्याला ती बाजी वाटत नाही. म्हणून माझा हिशोब साधा आहे, पाऊस चांगला झाला तरी फारसा तोटा नाही आणि बिघडला तर पीक वाचतं अशी कामं आत्ताच करायची. मोठं कर्ज काढून करायची कामं मात्र नुसत्या भीतीपोटी करू नका, तिथे दोन हंगाम थांबून बघितलं तरी चालेल.

पहिलं काम उगवण तपासायचं, आणि हे आज रात्रीच करा. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर न निवडता १०० दाणे ओळीने मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा, पिकाप्रमाणे चार ते आठ दिवसांनी उघडून धडधाकट कोंब मोजा. ९० निघाले तर उत्तम, ७० च्या आसपास निघाले तर बियाणं वाढवावं लागेल, अगदीच कमी निघाले तर ते पेरूच नका. दुबार पेरणीचा खर्च ज्याने सोसलाय त्याला या गोणपाटाची किंमत कळते.

दुसरं, पहिल्या सरीला भुलू नका. वरची माती ओली दिसते पण एक वीत खाली उकरून मूठभर माती दाबून बघा, गोळा झाला आणि बोटाने हलकं टोचल्यावर फुटला तर वाफसा आहे, गोळाच होत नसेल तर खाली कोरडंच आहे. मी एकदा शेजाऱ्याची पाभर चालू झालेली बघून घाईत सगळं रान एकाच दिवशी पेरलं, मग पावसाने ओढ दिली आणि दोन पानांवरचं पीक माझ्या डोळ्यांदेखत माना टाकत गेलं. तेव्हापासून रानाचे तीन भाग करतो, वाफसा मिळेल तशी आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरणी करतो आणि एका भागात लवकर येणारं वाण घेतो. चांगल्या वर्षी ते वाण थोडं कमी उतरतं हे खरंय, ती कमतरता मी विम्याचा हप्ता समजतो.

पेरणी उताराला आडवीच करा, यात वाद घालण्यासारखं काही नाही. पिकाचे अवशेष जाळू नका, ओळींत पसरा, पण पाणी साचणाऱ्या चिबड रानात आधी चर काढा, नाहीतर आच्छादनाखाली मुळं कुजतील.

युरिया एकदम टाकू नका, हप्त्याने द्या आणि जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर दोन दिवस थांबा. वाहून गेलेला नत्र तुमचा पैसा आहेच, शिवाय जमिनीतल्या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो आणि तो वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. भातवाल्यांनी सतत पाणी तुंबवून ठेवण्यापेक्षा भोकं पाडलेला पाईप रानात रोवून आतली पातळी बघावी, ती जमिनीखाली १५ सेंटीमीटरपर्यंत उतरली की परत पाणी द्यावं, फुलोऱ्यात मात्र पाणी तोडू नये. पाणीही वाचतं आणि तुंबलेल्या रानातून निघणारा मिथेन, म्हणजे हवा तापवणारा आणखी एक वायू, तोही कमी होतो.

यावर लोक म्हणतात, धूर मोठे कारखाने सोडणार आणि बदलायचं आम्ही का? हा राग रास्त आहे, त्यांनी आधी आणि जास्त बदलायलाच पाहिजे आणि तसं आपण ठासून मागायलाही पाहिजे. पण वर लिहिलेलं प्रत्येक काम आधी आपल्याच रानाच्या फायद्याचं आहे, त्यासाठी त्यांची वाट कशाला बघायची.

शेवटचं काम वहीचं. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा, रोज सकाळी पट्टीने पाणी मोजून लिहा आणि डबा रिकामा करा. १ मिलीमीटर म्हणजे एकरी साधारण ४,००० लिटर. सोबत पेरणीची तारीख, खंडाचे दिवस आणि कोणत्या भागात किती उतारा पडला तेही लिहा, पुढच्या पेरणीला तीन भागांतला कोणता वाढवायचा आणि कोणता कमी करायचा ते त्या वहीवरून ठरवा.