आयआरएतली पहिली उचल एप्रिलवर ढकलताय?

अमेरिकेत नोकरी करून निवृत्त झालेल्यांसाठी. पारंपरिक आयआरएतून (निवृत्तीसाठीचं बचत खातं, ज्यातले पैसे काढताना कर लागतो) दरवर्षी ठराविक रक्कम काढायची सक्ती पूर्वी साडेसत्तरीला सुरू व्हायची. 2020 पासून ते वय 72 झालं, 2023 पासून 73. जन्म 1960 किंवा नंतरचा असेल तर थेट 75.

पहिल्या वर्षाची रक्कम पुढच्या 1 एप्रिलपर्यंत काढली तरी चालते. सवलत गोड वाटते, पण त्याच वर्षी 31 डिसेंबरच्या आत दुसरीही काढावीच लागते. म्हणजे दोन्ही रकमा एकाच वर्षाच्या उत्पन्नात, आणि करही वरच्या टप्प्याचा लागू शकतो. माझं मत विचाराल तर पहिली रक्कम पहिल्याच वर्षाच्या डिसेंबरात काढून मोकळं व्हावं.

हिशेब सोपा आहे: आदल्या 31 डिसेंबरची शिल्लक भागिले सरकारी तक्त्यात तुमच्या वयासमोर दिलेला आकडा. बहुतेकांसाठी 73 व्या वर्षी तो 26.5 असतो. खात्यात 2,65,000 डॉलर असतील तर 10,000 काढायचे. विसरलात तर राहिलेल्या रकमेवर 25 टक्के दंड. वेळेत चूक सुधारली तर 10. (पूर्वी तो चक्क 50 होता!) रॉथ आयआरए (ज्यात कर भरून झालेले पैसे टाकतात ते खातं) स्वतःचं असेल तर ही कटकटच नाही.