स्विस लीग पद्धतीने कॅरम स्पर्धा घेण्याआधीची तयारी

नोंदणीअर्ज छापायला टाकण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा आणि दोन किंवा अधिक खेळाडूंचे विजय सारखे झाले तर त्यांचा क्रम कसा लावायचा, हे त्यावर लिहून काढावे. सभागृह, बोर्ड, पंच, चषक हे सारे त्यानंतर. आमच्या मंडळाने पहिल्यांदा बाद पद्धत सोडून स्विस लीग, म्हणजे हरलेल्याला बाद न करता सर्वांना सर्व फेऱ्या खेळू देणारी पद्धत, घेतली तेव्हा बाकीची जवळपास सगळी तयारी वेळेवर झाली होती. हा एक कागद राहिला, आणि दोन दिवसांच्या चांगल्या खेळाचा शेवट वादात झाला.

त्या स्पर्धेत 48 खेळाडू होते. सहा फेऱ्यांनंतर पहिल्या आठ जणांना उपांत्यपूर्व फेरीत घ्यायचे, एवढेच आम्ही जाहीर केले होते. सहावी फेरी संपली तेव्हा एका खेळाडूचे सहा विजय होते, चार जणांचे पाच आणि अकरा जणांचे चार. म्हणजे तीन जागा आणि त्यांवर सारखाच हक्क सांगणारे अकरा खेळाडू. आम्ही खोलीत बसून प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांची बेरीज करण्याचा नियम ठरवला आणि तीन नावे फळ्यावर लिहिली. त्यांतले एक नाव आमच्याच मंडळाच्या खेळाडूचे होते. बाहेर राहिलेल्या आठांपैकी एका मुलाने शांतपणे विचारले, “हा नियम सकाळी का सांगितला नाही?” नियम योग्यच होता, बेरीजही अचूक होती, तरी त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, कारण निकाल हाती आल्यावर ठरवलेल्या नियमावर कोणी विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करता येत नाही.

हा काही आमच्यापुरता योगायोग नव्हता. प्रत्येक फेरीत सारखे विजय असलेल्यांची गाठ घालायची, ही स्विस पद्धतीची रचनाच अशी आहे की मधल्या क्रमांकांवर गर्दी होणारच. 48 जणांत सहा फेऱ्यांनंतर चार विजयांवर साधारण अकरा-बारा खेळाडू येणार, हे सकाळी सामने सुरू होण्याआधीच कागदावर मांडून पाहता येते. ते आम्ही मांडले नाही. 1895 मध्ये झ्युरिकच्या बुद्धिबळ स्पर्धेत ही पद्धत प्रथम वापरली गेली, त्यावरून तिला स्विस हे नाव मिळाले, आणि बुद्धिबळवाल्यांनी समान गुणांची अडचण सोडवण्याचे नियम कधीच तयार करून ठेवले आहेत. ते उचलून कागदावर उतरवणे एवढेच आपले काम आहे.

पद्धत निवडताना खेळाडूंची संख्या आणि बोर्डांची संख्या शेजारी शेजारी लिहावी. 48 खेळाडूंची बाद स्पर्धा 47 सामन्यांत संपते, पण पालघरहून पहाटेची गाडी पकडून आलेला खेळाडू पहिल्याच सामन्यात हरला तर तासाभरात परतीच्या वाटेला लागतो; आम्ही पद्धत बदलली ती याच कारणासाठी. सर्वांनी सर्वांशी खेळायची पूर्ण साखळी घेतली तर 1128 सामने होतात, तेव्हा तो विचारच नको. चार-चार जणांचे बारा गट केले तर 72 सामने होतात आणि प्रत्येकाला तीन खेळायला मिळतात, मात्र गटात तिघांचे प्रत्येकी दोन विजय होण्याचा प्रसंग हमखास येतो, आणि पुन्हा समान विजयांचा तोच प्रश्न उभा राहतो. दोन पराभवांनंतर बाद करण्याची पद्धत 94 किंवा 95 सामन्यांत आटोपते, पण तिचा तक्ता नवख्या कार्यकर्त्याला सांभाळणे जड जाते. स्विस लीगच्या सहा फेऱ्यांना 144 सामने लागतात आणि प्रत्येकाला सहा सामने मिळतात. दर फेरीत अपराजित खेळाडूंची संख्या निम्मी होते, म्हणून 32 पर्यंत पाच आणि 64 पर्यंत सहा फेऱ्या पुरतात. त्याहून कमी घेतल्या तर दोन अपराजित खेळाडू उरू शकतात.

वेळेचा हिशेब कठोरपणे करावा. 12 बोर्ड असतील तर 24 सामन्यांच्या एका फेरीला दोन पाळ्या लागतात. एक सामना म्हणजे 25 गुणांचा किंवा आठ बोर्डांचा (इथे बोर्ड म्हणजे सोंगट्या एकदा मांडून खेळलेला डाव) एकच गेम आणि त्याला 40 मिनिटांची मर्यादा, असे धरले तरी एक फेरी 80 मिनिटांची होते. तिच्यात पुढच्या जोड्या लावण्याची वीस मिनिटे मिळवली की सहा फेऱ्यांचे दहा तास होतात, म्हणून दोन दिवस लागतातच. एका दिवसात बसवण्याचा मोह धरू नये. बाद पद्धतीत एक सामना लांबला तर बाकीचे खेळत राहतात, स्विसमध्ये शेवटचा निकाल हाती आल्याशिवाय पुढची एकही जोडी लावता येत नाही आणि एका संथ सामन्यापायी सारे सभागृह ताटकळते. वेळ संपल्यावर सुरू असलेला बोर्ड पूर्ण करायचा, ज्याचे गुण जास्त तो विजयी, बरोबरी झाली तर नाणेफेक करून एक जादा बोर्ड खेळायचा, हेही त्याच कागदावर लिहावे. कोणत्या कागदावर, ते पुन्हा सांगतो: ज्यावर समान विजयांचा नियम लिहिला आहे त्यावर.

बोर्ड, स्टँड, दिवे, पावडर, सोंगट्यांचे जादा संच यांविषयी कॅरमवाल्यांना सांगायला नको. एवढेच म्हणेन की पावसाळ्यात स्पर्धा असेल तर बोर्ड आदल्या रात्रीच सभागृहात आणून दिव्याखाली ठेवावेत. दमट बोर्डावर स्ट्रायकर अडतो, सामने लांबतात आणि वर मांडलेला हिशेब कोलमडतो.

निकालाच्या चिठ्ठीकडे मात्र नीट लक्ष द्यावे, कारण आमची दुसरी चूक तिथेच होती आणि ती पहिल्या चुकीतूनच आली होती. आमच्या चिठ्ठीवर फेरी, बोर्ड क्रमांक आणि विजेत्याचे नाव एवढ्याच जागा होत्या. पंचांनी नावे लिहिली, सह्या केल्या, चिठ्ठ्या तारेच्या खिळ्याला टोचल्या, आणि सायंकाळी आम्हाला मिळवलेल्या आणि दिलेल्या गुणांचा फरक काढावासा वाटला तेव्हा हाती फक्त नावे होती. सामना 25-3 असा सुटला की 25-23 असा, हे सांगणारा एकही कागद शिल्लक नव्हता. म्हणून चिठ्ठीवर दोघांची नावे, दोघांचे गुण आणि दोघांच्या सह्या हव्यातच. समान विजयांचा नियम आधी लिहिला की चिठ्ठीवर काय हवे ते आपोआप कळते. नंतर लिहिला तर चिठ्ठीत नसलेली माहिती कुठूनही आणता येत नाही.

जोड्या लावायला संगणक असेल तर उत्तम, पण वीज गेली म्हणून स्पर्धा थांबता कामा नये. प्रत्येक खेळाडूचे एक जाड कार्ड करावे. त्यावर प्रत्येक फेरीचा प्रतिस्पर्धी, निकाल, गुण आणि आतापर्यंतचे एकूण विजय लिहावेत. फेरी संपली की कार्डांचे विजयांनुसार गठ्ठे करावेत, प्रत्येक गठ्ठा मानांकनाप्रमाणे लावून त्याचे दोन भाग करावेत आणि वरच्या भागातल्या पहिल्याची गाठ खालच्या भागातल्या पहिल्याशी घालावी. गठ्ठ्यात विषम कार्डे असतील तर एक कार्ड खालच्या गठ्ठ्यात जाते. एकदा झालेली गाठ पुन्हा घालायची नाही, हा नियम मोडू नये, आणि तो मोडला जात नाही हे कार्ड पाहूनच कळते, आठवणीवर विसंबू नये.

सकाळी 48 ऐवजी 47 जण आले तर प्रत्येक फेरीत एकाला पुढे चाल, म्हणजे प्रतिस्पर्ध्याविना फेरी, द्यावी लागते. ती सर्वांत कमी विजय असलेल्याला द्यावी आणि एकाच खेळाडूला दोनदा देऊ नये. तिचा एक विजय मोजायचा हे सगळे मान्य करतात, पण गुणांच्या फरकात ती किती धरायची हे कोणी ठरवत नाही आणि मग भांडण होते. आम्ही आता शून्य धरतो. तीन-चार पराभवांनंतर काही खेळाडू न सांगता निघून जातात, त्यांच्यासाठी नोंदणीच्या वेळीच सांगावे की फेरी सुरू होऊन दहा मिनिटांत बोर्डावर न आलेल्याचा पराभव धरला जाईल आणि पुढच्या फेरीत त्याची जोडी लावली जाणार नाही.

आता पुन्हा त्या कागदाकडे. समान विजय असलेल्यांसाठी आम्ही पहिला निकष प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांच्या बेरजेचा ठेवला आहे, ज्याला बुद्धिबळात बुखोल्झ म्हणतात. एका खेळाडूच्या सहा प्रतिस्पर्ध्यांचे विजय 5, 4, 4, 3, 3, 2 असतील तर बेरीज 21 होते. दुसऱ्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे 6, 3, 3, 2, 2, 1 असतील तर 17 होते. दोघांनी चार-चार सामने जिंकले असले तरी पहिल्याची वाट अधिक कठीण होती, हे त्यातून दिसते. बेरजेतून सर्वांत कमी आकडा वगळावा, म्हणजे मध्येच निघून गेलेल्या प्रतिस्पर्ध्याची शिक्षा हजर असलेल्याला होत नाही. वरच्या उदाहरणात मग 19 आणि 16 राहतात. त्यावरही बरोबरी झाली तर गुणांचा फरक पाहावा, त्यानंतर एका बोर्डाचा निर्णायक सामना घ्यावा. आपसातल्या लढतीचा निकष दोघांसाठी ठीक आहे, पण अकरा जणांपैकी बहुतेक एकमेकांशी खेळलेलेच नसतात, त्यामुळे तो पहिला ठेवू नये. गुणांचा फरकही पहिला ठेवू नये, कारण पहिल्या फेरीत दुबळा प्रतिस्पर्धी मिळालेल्याला त्याचा फुकटचा फायदा होतो.

तुम्हाला दुसरा क्रम योग्य वाटत असेल तर तो ठेवा, पण लिहा. नोंदणीअर्जाच्या मागे छापा, सभागृहाच्या दारावर मोठ्या अक्षरात लावा आणि पहिल्या फेरीआधी सर्वांसमोर वाचून दाखवा. अर्जावर खेळाडूची सही घ्या. छापले आहे म्हणून वाचून दाखवण्याचे टाळू नका. अर्जाची मागची बाजू कोणी वाचत नाही.

प्रत्येक फेरीनंतर गुणतक्ता लावावा आणि त्यात प्रतिस्पर्ध्यांच्या बेरजेचा रकाना तिसऱ्या फेरीपासूनच भरत जावा, म्हणजे शेवटच्या फेरीला बसताना आपण कुठे आहोत हे प्रत्येकाला ठाऊक असते. हरकतीसाठी तक्ता लागल्यापासून पंधरा मिनिटे द्यावीत, त्यानंतर बदल नाही.

उपांत्यपूर्व फेरीपासून तीन गेमचे सामने घ्यावेत, पहिल्याची गाठ आठव्याशी, दुसऱ्याची सातव्याशी. पंच तेव्हा बाहेरच्या मंडळाचे असावेत. बक्षिसे, पाहुणे, चहा नेहमीप्रमाणे. चिठ्ठ्या आणि कार्डे मात्र महिनाभर जपून ठेवावीत.