खोदकामापूर्वी जमिनीखालच्या वाहिन्यांचा शोध

कंपाउंडची भिंत, पाण्याची भूमिगत टाकी किंवा शोषखड्डा यांसाठी जेसीबी ठरवण्याआधी जमिनीखाली काय आहे याची चौकशी पूर्ण झालेली असावी. ही चौकशी आपल्याच आवारापासून सुरू करावी, कारण गेटच्या दिव्याची वायर, बोअरच्या मोटारीची केबल, बागेतला नळ किंवा बंद पडलेली जुनी सेप्टिक टाकी कोणत्याही सरकारी नकाशात नसते. वीजमीटर, नळजोडाचा कॉक आणि ड्रेनेजचे चेंबर या जागा कागदावर मांडून घ्याव्यात. एका चेंबरमध्ये बादलीभर पाणी ओतून ते कोणत्या चेंबरमध्ये उतरते हे पाहिले की, सांडपाण्याच्या नळाची दिशा कळते. घर जुने असल्यास आधीच्या मालकाला आणि तिथे काम केलेल्या प्लंबरला व वायरमनला आवर्जून विचारावे.

त्यानंतर महावितरणचे शाखा कार्यालय (मुंबईत त्या भागातील वीज कंपनी), पालिकेचे पाणीपुरवठा व मलनिःसारण विभाग आणि शहरातील गॅस कंपनी यांना जागेच्या नकाशासह लेखी अर्ज द्यावा. २२ मार्च २०२३ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘कॉल बिफोर यू डिग’ या ॲपवर खोदकामाची जागा नोंदवली की, तिथे वाहिन्या असलेल्या नोंदणीकृत संस्थांना सूचना जाते. मात्र ॲपवरून काही उत्तर आले नाही म्हणजे जमीन मोकळी आहे, असे मुळीच समजू नये. शेतजमीन असेल तर सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना वाचावा. इंधनवाहिनीसाठी वापर हक्क (जमीन मालकाचीच राहून तिच्याखालून वाहिनी नेण्याचा हक्क) संपादित झालेल्या पट्ट्यात १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज पाइपलाइन कायद्यानुसार इमारत बांधणे, विहीर किंवा तळे खोदणे आणि झाड लावणे यांस मनाई आहे.

कागदावरील खोलीवर विसंबू नये. भारतीय मानकानुसार कमी दाबाची वीजकेबल ७५ सेंटिमीटर आणि ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) केबल ९० सेंटिमीटर खोल असावी, परंतु रस्ता किंवा अंगण नंतर खरवडले गेले, अथवा खाली खडक लागल्यामुळे केबल वरूनच नेली गेली, तर ती वीतभर खोलीवरही सापडू शकते.

उपकरणांनाही मर्यादा आहेत. केबल लोकेटर हा विद्युतप्रवाहामुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र टिपतो. त्यामुळे भार नसलेली केबल त्याला कळेलच असे नाही, आणि म्हणून शक्य तिथे ट्रान्समीटर जोडून वाहिनीत स्वतंत्र संकेत सोडावा लागतो. गॅसचा पिवळा पीई (पॉलिइथिलीन प्लास्टिकचा) पाइप आणि पीव्हीसीचा नळ, सोबत धातूची तार नसेल, तर लोकेटरला दिसतच नाहीत. अशा ठिकाणी जमिनीत रेडिओलहरी सोडून त्यांच्या परावर्तनावरून खालचे चित्र दाखवणारे भूभेदी रडार उपयोगी पडते, पण आपल्याकडच्या ओल्या काळ्या मातीत त्याच्या लहरी लवकर शोषल्या जातात आणि चित्र धूसर येते. सर्वेक्षण करणाऱ्याला मातीचा प्रकार आधीच सांगावा आणि शक्यतो काम उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना करावे.

खरी खात्री फक्त चाचणीखड्ड्याने होते. अंदाजित रेषा फक्कीने आखावी आणि तिच्या दोन्ही बाजूंना किमान अर्धा मीटर पट्टा हाताने खोदण्यासाठी राखून ठेवावा. चर रेषेला आडवा घ्यावा, लाकडी दांड्याच्या फावड्याने माती थराथराने काढावी. पहार आणि टिकाव तिथे वापरू नयेत. वेगळी वाळू, विटांची रांग किंवा रंगीत इशारापट्टी दिसली की हात थांबवावा, कारण या खुणा बहुधा वाहिनीच्या वरच असतात. वाहिनी उघडी पडेपर्यंत यंत्र त्या पट्ट्यात आणू नये, ठेकेदाराने कितीही घाई केली तरी.

गॅसचा वास आला तर यंत्र व मोबाइल बंद करून सर्वांनी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने दूर जावे आणि तिथून गॅस कंपनीला व अग्निशमन दलाला कळवावे. केबलला धक्का लागल्यास चालकाने केबिनमध्येच बसून राहावे, इतरांनी यंत्राला स्पर्श करू नये आणि वीजपुरवठा बंद करवून घ्यावा. पाइपवर नुसता ओरखडा उमटला तरी तो मातीने झाकू नये, संबंधित संस्थेला दाखवावा.

चर बुजवण्यापूर्वी सापडलेल्या वाहिनीचे घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासूनचे अंतर आणि तिची खोली मोजून छायाचित्रासह घराच्या कागदपत्रांत ठेवावी, म्हणजे पुढच्या खोदकामाला तीच पहिली नोंद उपयोगी पडेल.