मूळ ठेवायचं की बदलायचं? पान्हा उचलण्याआधी

मी जुन्या गाड्यांचं वायरिंग करते. गाडी आणणारा प्रत्येक जण हेच विचारतो, "ओरिजिनल ठेवू की सोयीची करून घेऊ?" अख्ख्या गाडीचा असा एकदाच निकाल लावता येत नाही. प्रत्येक भागाला वेगळं विचारायचं: हा बदल उद्या उलटवता येईल का? बोल्टने बसणारी वस्तू बोल्टने निघते. पत्रा कापला, की तो कापलेलाच राहतो.

सुरुवात वही आणि कॅमेऱ्याने करा. चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदपत्रांशी जुळतात का ते पाहा. जुळत असतील तर ते इंजिन गाडीतच राहू द्या. दुरुस्तीला महाग पडलं तरी. मग कार्पेटखाली, सीटखाली, डॅशबोर्डच्या मागे बघा, मूळ रंग तिथे सापडतो. बाहेरचा मूळ रंग फिका पण शाबूत असेल तर पॉलिशवर भागवा. खरवडल्यावर मिळतो तो त्याच शेडचा नवा रंग. आरशासारख्या चकचकीत गाड्यांचं मला तसंही फारसं कौतुक नाही.

जुन्या वाहनांच्या 'फीवा' या जागतिक महासंघाच्या ट्यूरिन सनदेतही साधारण हाच विचार आहे: नंतर केलेले बदल डोळ्यांत भरू नयेत, शक्यतो उलटवता यावेत आणि काढलेले महत्त्वाचे भाग गाडीसोबतच राहावेत.

आता माझ्या प्रांतात येऊ. दिवे मंद आहेत म्हणून लोक ६ व्होल्टची गाडी थेट १२ व्होल्टची करायला निघतात. थांबा. ४५ वॉटचा बल्ब ६ व्होल्टवर साडेसात अँपिअर करंट खेचतो, १२ व्होल्टवर त्याच्या निम्मा. ६ व्होल्टचा हा मोठा करंट गंजलेल्या अर्थिंगमधून (म्हणजे वायर जिथे गाडीच्या बॉडीला जोडतात त्या जागांमधून) आणि झिजलेल्या स्विचमधून जाताना वाटेतच व्होल्टेज पडतं. आधी अर्थिंगच्या जागा घासून स्वच्छ करा, मग बॅटरीपासून जाड वायर आणून रिले बसवा, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच. स्विच मूळचाच राहतो, रिले कुठेतरी आडबाजूला लपतो, आणि बहुतेक गाड्यांचं काम एवढ्यावर भागतं.

इंजिनात ठिणगी पाडण्यासाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंट आणि कंडेन्सरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवायलाही माझी हरकत नाही. ते डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या, टोपणाखाली मावतं, बाहेरून कुणाला कळत नाही. काढलेले पॉइंट डिकीत ठेवा. मॉड्यूल वाटेत मेलं तर तेच घरी आणतील. एक अडचण मात्र आधी तपासा. १९६७ पर्यंतच्या एमजीबीसारख्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, आणि बरीच मॉड्यूल निगेटिव्ह अर्थिंगसाठी बनलेली असतात. अर्थिंग उलटवताना बॅटरीची जोडणी आणि कॉइलच्या वायरी बदलायच्या, डायनॅमोला नव्याने पोलॅरिटी द्यायची. टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) इलेक्ट्रॉनिक असेल तर तो आतूनही बदलून घ्यावा लागतो. हे सगळं पुन्हा पूर्ववत करता येतं, म्हणून मी ते करते.

ब्रेकच्या बाबतीत मी मूळपणाचा हट्ट ऐकून घेत नाही. जुन्या गाड्यांत बहुधा एकच हायड्रॉलिक सर्किट असतं. एक नळी फुटली की पेडल थेट जमिनीला टेकतं. गाडी रोजच्या गर्दीत जाणार असेल तर दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेकच्या नळ्यांत पोचवणारा भाग) लावा. त्याच मॉडेलच्या पुढच्या वर्षांत कंपनीनेच तो दिला असेल तर उत्तमच, बहुधा फार कापाकापी करावी लागत नाही. फक्त प्रदर्शनात उभी राहणार असेल तर मूळ व्यवस्था नीट दुरुस्त करून ठेवा. सीटबेल्टलाही हाच न्याय, पण आधी पत्र्यात कंपनीने दिलेल्या नटाच्या जागा शोधा. पेट्रोलच्या रबरी नळ्यांवर विचारच करू नका, इथेनॉल सोसणाऱ्या बसवून टाका.

काढलेला प्रत्येक भाग, अगदी मोडका असला तरी, चिठ्ठी लावून खोक्यात ठेवा. कोणती वायर कुठून कुठे नेली त्याची आकृती काढून त्यातच टाका. पुढे गाडी विकलीत तर खोकंही सोबत द्या.

आणि स्पीकरसाठी दाराला भोकं पाडून मागणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते. सीटखाली एक छोटा डबा बसवा, गाणी तिथूनही ऐकू येतात.