फोटोवरून डिजिटल चित्र घडवताना या चुका टाळा

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, निवृत्तीनंतर, साताऱ्यात घरबसल्या मी हा छंद धरला. दोन-तीन फोटो एकत्र करून त्यांतून एक नवे चित्र घडवायचे, एवढेच त्याचे स्वरूप. पण त्यात दिवस कसा जातो ते कळत नाही. ही कला काही संगणकाने जन्माला घातलेली नाही. ऑस्कर रेलँडर या छायाचित्रकाराने 1857 मध्येच तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भव्य चित्र केले होते. त्यामुळे ‘हे तर नुसते जोडकाम’ असे कोणी म्हटले तरी मनाला लावून घेऊ नये.

पहिली चूक मूळ फाइलवरच काम करण्याची. जेपीईजी या फोटोंच्या नेहमीच्या प्रकारातल्या फाइलमध्ये बदल करून ती पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडा तपशील कायमचा गळतो. वाईजवळच्या मेणवलीच्या नदीघाटाचा पहाटेच्या धुक्यातला माझा एक फोटो असाच खराब झाला आणि ते धुके पुन्हा मिळाले नाही. म्हणून आधी प्रत काढावी आणि चालू काम लेयर्ससकट, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या सुट्या थरांसकट, साठवावे. गिंप (GIMP) या मोफत प्रणालीत त्यासाठी एक्ससीएफ आणि फोटोशॉपमध्ये पीएसडी हा प्रकार असतो. नको असलेला भागही खोडरबराने पुसू नये, मास्क लावून झाकावा, म्हणजे महिन्याभराने विचार बदलला तरी तो परत आणता येतो.

चित्र ‘चिकटवल्यासारखे’ दिसते, ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकतो, आणि तिचे कारण बहुतेक वेळा प्रकाशात सापडते. आईचा जुना स्टुडिओतला फोटो मला मेणवलीच्या घाटाच्या पायऱ्यांवर बसवायचा होता. कडा स्वच्छ कापल्या, रंग जुळवले, तरी आई तिथे बसलेली वाटेना. नीट पाहिल्यावर लक्षात आले की तिच्या नाकाची सावली उजव्या गालावर होती, म्हणजे उजेड तिच्या डावीकडून येत होता, आणि घाटावरचे ऊन नेमके विरुद्ध बाजूने. आईचा फोटो आरशासारखा उलटा केला तर उजेड जुळला, पण पदर उजव्या खांद्यावर गेला. घरातल्या कोणालाही ते खटकले असते. शेवटी त्याच जागी उभा राहून संध्याकाळी घाटाचा दुसरा फोटो काढला, तेव्हा उन्हाची दिशा बदलली होती आणि चित्र जमले. एवढे करूनही माणूस अधांतरी दिसला, तर तो जिथे टेकला आहे तिथली सावली राहिली आहे असे समजावे. त्याच्या खाली नवा लेयर घेऊन, तो ‘मल्टिप्लाय’ या खालचे रंग गडद करणाऱ्या पर्यायावर ठेवून, मऊ ब्रशने टेकण्याच्या रेषेशी गडद आणि बाहेर विरळ होत जाणारी सावली रंगवावी. प्रकाश वाचण्याची सवय लागण्यासाठी औंधच्या श्रीभवानी वस्तुसंग्रहालयात जाऊन राजा रविवर्म्यांच्या मूळ चित्रांसमोर सावकाश उभे राहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

रंगांचा हव्यास ही आणखी एक चूक. कासच्या पठारावरचा तेरडा मुळातच गडद गुलाबी असतो. त्यावर सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवले की पाकळ्यांच्या शिरा नाहीशा होतात आणि नुसता गुलाबी डाग उरतो. वाढवलेले मूल्य निम्म्यावर आणावे आणि दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पुन्हा पाहावे.

इंटरनेटवरून उचललेले दुसऱ्याचे फोटो वापरू नयेत.

छपाईत होणारा घोळ मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण तिथे पैसेही जातात. 12 बाय 18 इंचांची चांगली प्रत हवी असेल, तर इंचाला 300 पिक्सेल (चित्राचे बारीक ठिपके) या हिशेबाने 3600 बाय 5400 पिक्सेलची फाइल लागते. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेले चित्र आकसते. त्याची लांब बाजू 1600 पिक्सेलवर आली, तर त्याच हिशेबाने ती जेमतेम सव्वापाच इंच भरते आणि मोठ्या कागदावर ताणल्यावर फुटते. म्हणून दुकानदाराला फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी किंवा पेनड्राइव्हवर द्यावी. छापलेले चित्र काळपट आले, तर बहुधा मशीनचा दोष नसतो. आपण पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून काम केलेले असते. तो निम्म्यावर ठेवून चित्र पुन्हा तपासावे, मोठ्या प्रतीआधी 4 बाय 6 चा एक नमुना काढून घ्यावा आणि तो दुकानातल्या दिव्याखाली न पाहता बाहेर दिवसाच्या उजेडात, पण सावलीत धरून पाहावा.