चेक परत आल्यावर वकील आठवणाऱ्यांसाठी: व्यावसायिकांनो, या चुका टाळा

कायदा अवघड आहे म्हणून हरलेली प्रकरणे माझ्याकडे क्वचित येतात. मुदत उलटल्यामुळे हातची गेलेली मात्र सतत येतात. भांडण विकोपाला गेल्यावर वकील गाठायचा, ही आपल्या व्यापाऱ्यांची जुनी रीत आहे, आणि ती सर्वांत महाग पडते चेकच्या बाबतीत.

चेक न वटणे हा गुन्हा ठरवणाऱ्या परक्राम्य संलेख अधिनियम (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट), १८८१ च्या कलम १३८ चा आधार घ्यायचा असेल, तर चेक त्यावरील तारखेपासून ३ महिन्यांत बँकेत भरावा लागतो. तो न वटल्याचे बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत समोरच्याने पैसे दिले नाहीत, तर त्यापुढील एका महिन्यात न्यायालयात तक्रार दाखल करावी लागते. तक्रारीला झालेला उशीर सबळ कारण दाखवून माफ होऊ शकतो, नोटिशीला झालेला उशीर माफ होत नाही.

इमारती सामानाचे एक विक्रेते जुलैत परत आलेला चेक घेऊन दिवाळीनंतर माझ्याकडे आले. रक्कम साडेचार लाखांच्या घरातली होती. ठेकेदार जुना गिऱ्हाईक. ‘शेठ, बिल पास झालं की लगेच टाकतो’ असे तो दर आठवड्याला म्हणत राहिला आणि हे व्हॉट्सॲपवर हात जोडल्याची चिन्हे पाठवत राहिले. चेक न वटल्याचे कळवणारा बँकेचा रिटर्न मेमो दुकानातल्या बिलांच्या तारेला टोचलेला होता आणि भोक नेमके तारखेवर पडले होते. चेकची मुदत शिल्लक असती, तर तो पुन्हा भरून नवा मेमो मिळवता आला असता, पण तीही संपलेली होती. राहता राहिला वसुलीचा दिवाणी दावा. वाद व्यापारी स्वरूपाचा आणि रक्कम ३ लाखांच्या वर, त्यामुळे दाव्याआधी मध्यस्थीचा टप्पा पार पाडणे आले. ठेकेदार तिकडे फिरकलाच नाही. मग न्यायालयीन शुल्क भरून दावा लावला. २ वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद असलेल्या फौजदारी तक्रारीने जी धास्ती बसली असती, ती अशा दाव्याने बसत नाही.

माझ्या पक्षकारांना मी एकच सवय लावतो: मेमो हाती पडला की त्याच दिवशी त्याच्या झेरॉक्सवर तिसाव्या दिवसाची तारीख लाल शाईने लिहायची, आणि विसाव्या दिवसापर्यंत रक्कम खात्यात आली नाही, तर कागद घेऊन यायचे. तोवर गिऱ्हाइकाशी खुशाल गोडीने बोलावे. ‘नोटीस दिली तर संबंध तुटतील’ असे म्हणणाऱ्यांचे पैसेही बुडतात आणि संबंधही राहत नाहीत. इंटरनेटवरचा नमुना उतरवून घरीच नोटीस लिहिणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे की मागणी चेकच्या नेमक्या रकमेची आहे. व्याज आणि खर्च त्यात मिसळून एकच मोठा आकडा टाकला, की आरोपीच्या वकिलाचे काम सोपे होते.

दुसरी लाडकी चूक भागीदारीची. ‘भागीदारीची नोंदणी सक्तीची नाही’ हे अर्धे ज्ञान घेऊन मेहुणे-मेहुणे वर्कशॉप सुरू करतात. नोंदणी सक्तीची नाही हे खरे. परंतु भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या संस्थेला कराराखालील येणे वसूल करण्यासाठी बाहेरच्या व्यक्तीवर दावा लावता येत नाही, बाहेरची व्यक्ती मात्र तिच्यावर दावा लावू शकते. दावा दाखल झाल्यावर घाईने केलेल्या नोंदणीने तो दावा वाचत नाही. शिवाय संस्थेच्या देण्यांसाठी प्रत्येक भागीदार वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतो, म्हणजे बँकेचे कर्ज थकले तर स्वतःचे राहते घरही सुरक्षित नाही. भागीदारीचा करारनामा वकिलाकडूनच लिहून घ्यावा, आणि एका भागीदाराचा मृत्यू झाल्यास संस्था चालू राहणार की नाही, याचे कलम त्यात आहे ना, हे स्वतः वाचून पाहावे. ते नसेल, तर कायद्याने संस्था विसर्जित होते. नात्यात हा विषय काढणे अवघड वाटते, म्हणून तो वकिलाने काढलेला बरा.

दुसऱ्याचा करारनामा नाव बदलून वापरू नका. पुण्यातल्या दोन व्यावसायिकांचा वाद दिल्लीच्या न्यायालयात चालेल, असे लिहिलेला कागद मी पाहिला आहे.

अपुऱ्या मुद्रांकाचा दस्त, कमी पडलेले शुल्क आणि दंड भरेपर्यंत, पुरावा म्हणून वाचला जात नाही.

येणे-बाकीचा दावा साधारणपणे ३ वर्षांत लावावा लागतो. तोंडी वायद्याने ही मुदत वाढत नाही. ती संपण्यापूर्वी बाकी मान्य असल्याचे देणेकऱ्याच्या सहीने लेखी घ्या.

सूक्ष्म किंवा लघु उत्पादक आणि सेवा पुरवठादारांनी माल देण्याआधीच उद्यम नोंदणी करून ठेवावी. थकलेल्या बिलासाठी अशा वादांकरता असलेल्या सरकारी सुविधा परिषदेकडे जाता येते आणि रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येते. ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. त्यासाठी वकील लागत नाही आणि पैसे घेणारा एजंट तर मुळीच लागत नाही.

समन्स मात्र एक दिवसही टेबलावर ठेवू नये. व्यापारी दाव्यात समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांनंतर लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेले उत्तर, दाखल करून घेण्याचा अधिकार न्यायालयालाही उरत नाही, आणि पाकीट परत पाठवले म्हणजे दावा परत गेला असे समजणारे अजूनही भेटतात.