इस्पितळातून आपली वैद्यकीय कागदपत्रे रीतसर कशी मिळवावी

इस्पितळातून घरी जाताना हाती पडणारे डिस्चार्ज कार्ड म्हणजेच आपली सारी वैद्यकीय नोंद, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते कार्ड म्हणजे उपचारांचा केवळ गोषवारा होय. मूळ केसपेपर, परिचारिकांनी भरलेले तक्ते, शस्त्रक्रियेच्या व भुलीच्या नोंदी, आपण सही केलेले संमतीपत्र हे सर्व इस्पितळातच राहते, आणि विम्याचा दावा अडला किंवा मुंबई-बेळगावच्या डॉक्टरांचे दुसरे मत घ्यायचे झाले की नेमके तेच मागितले जाते.

अर्ज करण्यापूर्वी कायदा काय सांगतो ते पाहावे. भारतीय वैद्यक परिषदेच्या व्यावसायिक वर्तनाविषयीच्या २००२ च्या विनियमांनुसार, दाखल केलेल्या रुग्णाची नोंद उपचार सुरू झाल्याच्या तारखेपासून ३ वर्षे जपून ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. नोंदीचा नमुनाही विनियमांसोबत जोडलेला असून त्यात रुग्णाचे नाव, वय, पत्ता, पहिल्या भेटीची तारीख, प्राथमिक निदान, तपासण्यांचे अहवाल, अंतिम निदान, पुढील सल्ला आणि डॉक्टरांची पूर्ण सही यांना जागा आहे. परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम अधिसूचित केले होते, परंतु ते त्याच महिन्यात स्थगित ठेवून २००२ चेच विनियम पुन्हा लागू करण्यात आले.

म्हणून पहिले काम तारखांचे. ३ वर्षांची मोजणी घरी सोडल्याच्या दिवसापासून होत नाही, हे ध्यानात ठेवावे. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत तर तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांचीच आहे, त्यामुळे वाद होण्याची शक्यता दिसत असल्यास कागद लगेच मागावेत.

त्यानंतर अर्ज लिहावा. तोंडी विनंतीवर वेळ घालवू नये. अर्ज वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे करावाच, पण त्यात उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे नावही घालावे, कारण हे विनियम डॉक्टरांना बांधतात, इस्पितळ चालवणाऱ्या कंपनीला नव्हे. मजकूर एवढाच पुरे: ‘अमुक ते अमुक तारखेपर्यंत मी आपल्या इस्पितळात दाखल होतो. माझा नोंदणी क्रमांक अमुक. २००२ च्या विनियमांतील १.३.२ नुसार माझ्या संपूर्ण केसपेपरच्या प्रती ७२ तासांच्या आत द्याव्यात.’ त्याखाली हव्या असलेल्या कागदांची यादी द्यावी आणि एक्स-रे, सीटी स्कॅनच्या फिल्म किंवा सीडी स्वतंत्रपणे नमूद कराव्यात. नोंदणी क्रमांक देण्याचा आग्रह अशासाठी की, आपल्याकडे गोव्यात एकाच आडनावाची पोर्तुगीज वळणाची आणि इंग्रजी वळणाची अशी दोन स्पेलिंगे सर्रास आढळतात, आणि नावावरून शोधलेली फाईल अनेकदा ‘सापडत नाही’.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक आवक विभागात देऊन दुसरीवर तारीख, वेळ आणि शिक्का घ्यावा. शिक्का देण्यास कोणी टाळाटाळ केल्यास तोच अर्ज पोच पावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावा. ही पोच नसेल तर ७२ तास केव्हा सुरू झाले हे पुढे सिद्धच करता येत नाही. माझ्या मते साऱ्या प्रक्रियेतला सर्वांत मोलाचा कागद हाच. रुग्ण स्वतः जाऊ शकत नसल्यास अधिकारपत्र आणि दोघांची ओळखपत्रे जोडावीत. रुग्ण निवर्तला असल्यास मृत्यूचा दाखला आणि वारसाचे नाते दाखवणारा पुरावा जवळ ठेवावा.

गोपनीयतेचे कारण सांगून रुग्णालाच नकार देता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच ही बाब स्पष्ट केली आहे, आणि गोवा त्याच न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येतो. बिल थकले आहे हेही कारण चालू नये, कारण ७२ तासांच्या नियमात तशी अट कोठेही घातलेली नाही. झेरॉक्सचा वाजवी खर्च मात्र खळखळ न करता द्यावा.

एवढे करूनही कागद मिळाले नाहीत, तर गोवा वैद्यकीय परिषदेकडे संबंधित डॉक्टरांविरुद्ध लेखी तक्रार करता येते. नोंदी न ठेवणे आणि मागितल्यावर मुदतीत न देणे हे विनियमांतील ७.२ प्रमाणे गैरवर्तन ठरते. इस्पितळ सरकारी असेल, म्हणजे बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) किंवा म्हापसा वा मडगावचे जिल्हा इस्पितळ, तर माहितीच्या अधिकाराखाली जन माहिती अधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो. तेथे उत्तराची मुदत ३० दिवसांची असते आणि नकार आल्यास प्रथम अपील करता येते.

बाह्यरुग्णांची गोष्ट वेगळी आहे. वर सांगितलेला ३ वर्षांचा नियम दाखल रुग्णांपुरताच असल्याने, वाड्यावरच्या दवाखान्यात दाखवून आलेल्या माणसाने चिठ्ठ्या आणि अहवाल स्वतःच सांभाळावेत. कोऱ्या पाकिटावर लिहून दिलेल्या औषधांचाही मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. काही नोंदींना स्वतंत्र कायदे लागू होतात: गर्भवतीच्या सोनोग्राफीची कागदपत्रे २ वर्षे, तर गर्भपाताची नोंदवही संबंधित वर्ष संपल्यापासून ५ वर्षे ठेवावी लागते, आणि ही नोंदवही गोपनीय असते. रजेसाठी घेतलेल्या वैद्यकीय दाखल्याचीही प्रत डॉक्टरांनी आपल्याकडे ठेवायची असते, तेव्हा तो हरवल्यास नवा बनवून मागण्यापेक्षा त्या प्रतीचीच नक्कल मागावी.